कात्री कुठे लागली ते बघा

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सोव्हिएत काळातल्या विज्ञानपटांवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमधला मुख्य प्रश्न एकच आहे : यात विज्ञान किती आणि प्रचार किती? माझं आयुष्य संकलनाच्या टेबलावर गेलं. समोर फिल्म आली की ती कुठे कापली आणि कुठे जोडली, हे मी आधी बघते. उत्तरंही त्याच नजरेने देते आहे.

प्रश्न : कुत्र्याचं धडावेगळं डोकं यंत्राच्या आधाराने जिवंत ठेवल्याची जुनी रशियन फिल्म आम्हाला वर्गात दाखवली. डोकं पापण्या मिटतं, ओठ चाटतं. अर्धा वर्ग म्हणतो खरं, अर्धा म्हणतो बनाव. तुम्हाला काय वाटतं?
– शरीरशास्त्राची विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या वर्गाने दोन प्रश्न एकात गुंडाळलेत. असा प्रयोग झाला होता का, हा एक, आणि ही फिल्म त्याचा पुरावा आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, माझ्या मते, नाही.

प्रयोग करणारे सर्गेई ब्रुखोनेन्को हे खरेखुरे वैद्यक-संशोधक होते. 1920च्या दशकात त्यांनी 'ऑटोजेक्टर' नावाचं यंत्र तयार केलं. शरीरातून येणारं रक्त ओढून घ्यायचं, त्याला ऑक्सिजन द्यायचा आणि पंपाने ते परत धमनीत ढकलायचं, असं त्याचं काम. आजच्या हृदय-फुफ्फुस यंत्राच्या पूर्वजांमध्ये त्याची गणना होते. माणसावर असं यंत्र वापरून हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेत जॉन गिबन यांनी केली ती 1953 साली, म्हणजे ब्रुखोनेन्कोंच्या बऱ्याच नंतर. ब्रुखोनेन्को 1960 साली वारले आणि 1965 साली त्यांना मरणोत्तर लेनिन पारितोषिक मिळालं. तेव्हा प्रयोगशाळेत हा माणूस काही हातचलाखी करत होता, असं मानायला जागा नाही.

आता फिल्मकडे या. ती 1940 सालची. शक्य असेल तर आवाज बंद करून पुन्हा बघा आणि प्रत्येक कटला बोटाने टेबलावर टिचकी मारा. डोक्याचा क्लोज-अप येतो. शेजारी हातोडी आपटली की कान हलतो, ओठांना सायट्रिक ॲसिड लावलं की जीभ बाहेर येते. मग यंत्राचं चित्र. मग आकृती, रक्त कुठून कुठे जातं ते दाखवणारी. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी खरा असू शकतो. पण हा कान हलला तेव्हा तो पंप चालू होता, हे आपल्याला सांगतो तो कट आणि त्यावरचं निवेदन. कट हा माझ्या हातातला निर्णय असतो, निसर्गातली घटना नव्हे.

पुढे अख्ख्या कुत्र्याचं रक्त काढून त्याला मरू देतात आणि दहा मिनिटांनी यंत्राला जोडून परत आणतात. या भागात तर हृदय थांबणं आणि श्वास परतणं बरंचसं रेघांच्या आलेखावर दिसतं. रेघ खाली जाते, सपाट होते, पुन्हा उचलते. बघताना अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण तो काटा रेघेने आणलेला आहे. शेवटी ते कुत्रे हिंडताना दाखवतात आणि आपण निःशंक होतो. हा तोच कुत्रा, हे आपण कशावरून ठरवलं? निवेदकाने सांगितलं म्हणून.

या फिल्मच्या इंग्रजी आवृत्तीची प्रस्तावना जे. बी. एस. हाल्डेन यांनी केली आहे. मोठे जीवशास्त्रज्ञ, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद, पुढे 1957 साली भारतात आले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. यातले काही प्रयोग आपण स्वतः पाहिल्याचं ते कॅमेऱ्यासमोर सांगतात. त्यांच्या शब्दावर मी अविश्वास दाखवणार नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की फिल्मला स्वतःहून जे सिद्ध करता येत नव्हतं, त्यासाठी तिला एका विश्वासू माणसाचा चेहरा लागला. तुमच्या वर्गाचं भांडण मिटवायचं असेल तर दोन्ही गटांना मिळून एक यादी करायला सांगा : एकाच न कापलेल्या शॉटमध्ये काय काय दिसतं? बाकी सगळं बाजूला ठेवून मग वाद घाला.

प्रश्न : पावलोवच्या कुत्र्यांवर पुडोवकिनने फिल्म केली होती असं वाचलं. कथापट करणारा एवढा मोठा दिग्दर्शक याच्यात कसा पडला? आणि पावलोव सरकारी शास्त्रज्ञ होता का?
– एक जुना फिल्म सोसायटीवाला

उत्तर : 'मेकॅनिक्स ऑफ द ब्रेन', 1926. मोठ्या लांबीची पुडोवकिनची ही पहिलीच फिल्म, तेव्हा 'एवढा मोठा' तो व्हायचा होता. मॉस्को विद्यापीठात तो पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकलेला, त्यामुळे प्रयोगशाळा त्याला परकी नव्हती. छायाचित्रण अनातोली गोलोव्न्याचं. पुढे पुडोवकिनच्या 'मदर' या कथापटात हीच जोडी होती.

फिल्म बेडकापासून सुरू होऊन कुत्रा, माकड आणि शेवटी माणसाच्या मुलापर्यंत चढत जाते. तो क्रम हाच तिचा युक्तिवाद आहे. आत्मा वगैरे काही नाही, मन म्हणजे मेंदूचं काम आणि मेंदूचं काम मोजता येतं. नव्या राजवटीला हे हवंच होतं. पण मला या फिल्ममधलं अजून आठवतं ते एक मूल. खाण्याआधी दरवेळी एकच खूण दिली की पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते, ही पावलोवची पद्धत निकोलाय क्रास्नोगोर्स्की मुलांवर वापरत. मूल आडवं पडलेलं, मनगटावर रबरी पट्टा. पट्टा दाबला जातो, थोड्या वेळाने वरच्या नळीतून खाऊचा तुकडा तोंडाशी येतो. काही वेळा असं झालं की नुसता पट्टा दाबताच तोंड उघडतं. इथे पुडोवकिन घाई करत नाही. दाब आणि तोंड उघडणं यांच्यामधला रिकामा वेळ तो पडद्यावर राहू देतो. तो वेळ दिसतो म्हणूनच शिकणं म्हणजे काय ते दिसतं. तोच कापून मनगट आणि तोंड शेजारी शेजारी चिकटवलं असतं, तर फक्त दावा उरला असता.

आणखी एक गोष्ट मला नेहमी छळते. लेनिनग्राडच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत पावलोवने 'शांततेचा मनोरा' बांधून घेतला होता. जाड भिंती, भोवती खंदक, आत बाहेरचा कसलाही आवाज जाऊ नये म्हणून. प्रयोग करणारा दुसऱ्या खोलीत बसायचा, कारण त्याच्या नुसत्या असण्यानेही कुत्र्याचं लक्ष विचलित होतं. अशा पद्धतीवर वाढलेल्या प्राण्यांसमोर प्रखर दिवे आणि खडखडणारा कॅमेरा आणायचा म्हणजे कुत्र्याची प्रतिक्रिया बदलू शकणारी नवीच गोष्ट प्रयोगात घुसवणं. विज्ञानपटाची ही अडचण आजही तशीच आहे. दाखवायला गेलात की दाखवण्याची गोष्ट बदलते.

शरीरशास्त्रज्ञ पावलोव सरकारी होता का? नाही. सरकारने मात्र त्याला आपलं मानलं. 1904 सालचा नोबेल विजेता, पाद्र्याचा मुलगा, बोल्शेविकांवर उघड टीका करणारा. तरी 1921च्या जानेवारीत लेनिनच्या सहीने त्याच्या संशोधनासाठी खास फर्मान निघालं आणि पुढे लेनिनग्राडजवळ कोल्तुशीला मोठं संशोधन केंद्र उभं राहिलं. 1934 सालीही तो सरकारला दहशतीविरुद्ध पत्रं लिहीत होता. तो 1936 साली गेला आणि खरी जबरदस्ती त्यानंतर झाली. 1950च्या उन्हाळ्यात विज्ञान अकादमी आणि वैद्यक अकादमीच्या संयुक्त अधिवेशनात 'पावलोवची शिकवण' ही शरीरशास्त्राची आणि मानसशास्त्राची सक्तीची चौकट ठरवली गेली. पावलोवच्याच शिष्याला, लिओन ओर्बेलींना, पदांवरून दूर केलं गेलं. जिवंत असताना न वाकलेल्या माणसाचं नाव मेल्यावर दुसऱ्यांना वाकवायला वापरलं, याची मला खरोखर चीड येते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. काळी आणि पांढरी अशा दोन पिरॅमिडांना मुलं 'दोन्ही पांढऱ्या' म्हणतात, तो रशियन फिल्ममधला तुकडा पाहिला. माझ्या वर्गात हा प्रयोग करावा म्हणते. दुसरं म्हणजे, 'सगळे म्हणतील ते म्हणा' असं वातावरण असलेल्या देशात ही फिल्म होऊच कशी दिली?

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण या फिल्मबद्दल मला कितीही बोलायला सांगा.

'या इ द्रुगिये', म्हणजे 'मी आणि इतर'. 1971, कीव. दिग्दर्शक फेलिक्स सोबोलेव, प्रयोगांची बाजू मानसशास्त्रज्ञ वालेरिया मुखिना यांची. कीवच्या विज्ञानपट स्टुडिओत, म्हणजे कीवनाउचफिल्ममध्ये, सोबोलेव यांनी आपली अशी एक शाळाच उभी केली होती. त्याआधी त्यांनी प्राण्यांच्या भाषेवर आणि प्राणी विचार करतात का यावर फिल्म केल्या होत्या. लोकांनी त्या आवडीने पाहिल्या. मग ते माणसांकडे वळले.

मांडणी तुम्हाला माहीत आहेच. आधीची मुलं ठरवून 'दोन्ही पांढऱ्या' म्हणतात, शेवटच्याला काहीच माहीत नसतं. ही कल्पना सॉलोमन ॲश यांनी 1950च्या सुमारास अमेरिकेत वापरली होती, तिथे रेघांची लांबी ओळखायची होती. सोबोलेव-मुखिनांचं वेगळेपण असं, की त्यांनी ती लहान मुलांपर्यंत नेली आणि कॅमेरा चेहऱ्यावर ठेवला. ॲशचे आकडे वाचले तर कळतं की साधारण तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटासोबत वाहून गेले. सोबोलेवच्या फिल्ममध्ये त्या वाहून जाण्याच्या आधीचे सेकंद दिसतात. मूल पिरॅमिडांकडे बघतं, मग शेजारच्याकडे, मग पुन्हा पिरॅमिडांकडे. डोळ्यांना जे दिसतंय ते डोळे सोडत नाहीत, तोंड मात्र 'पांढऱ्या' म्हणतं.

लापशीचा प्रयोग मला त्याहून जबरदस्त वाटतो. एकाच थाळीतली लापशी, बहुतेक भाग गोड, एका बाजूला भरपूर मीठ. आधीची मुलं गोड भागातून खातात आणि खरंच सांगतात : गोड आहे. शेवटच्याच्या वाट्याला खारट घास येतो. चेहरा वाकडा होतो, घास गिळवत नाही. 'गोड आहे का?' 'गोड.' रंगाच्या बाबतीत म्हणता येईल की मुलाला डोळ्यांची शंका आली असेल. जिभेच्या बाबतीत तेवढी पळवाट उरत नाही.

मोठ्यांचाही एक प्रयोग आहे. एकाच माणसाचा फोटो दोन गटांना दाखवतात. एका गटाला सांगतात हा गुन्हेगार, दुसऱ्याला सांगतात हा मोठा शास्त्रज्ञ. पहिल्या गटाला त्याच डोळ्यांत क्रौर्य दिसतं, दुसऱ्याला खोल विचार. संकलकाला हे वेगळं सांगावं लागत नाही. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव यांनी अभिनेता मोझुखिनच्या एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी वेगवेगळी चित्रं जोडली आणि प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर भूक, दुःख अशा वेगवेगळ्या भावना दिसल्या, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या प्रयोगाची फिल्म आज उरलेली नाही. तो आपल्याला सांगोवांगीच माहीत आहे. सोबोलेवने तोच प्रयोग वेगळ्या रूपात कॅमेऱ्यासमोर करून दाखवला, आणि प्रेक्षकाला सांगितलं की फसणारा तूच आहेस. प्रचारपट हे कधीच सांगत नाही.

एक सावधगिरी. पडद्यावर दिसणारी मुलं निवडलेली आहेत. किती जणांचं चित्रीकरण झालं आणि त्यातली किती ठाम राहिली, हे फिल्म बघून सांगता येत नाही. तेव्हा 'मुलं अशीच असतात' असा निष्कर्ष काढू नका. 'मुलांचं असंही होतं' एवढंच.

ही फिल्म होऊ कशी दिली? माझा अंदाज असा. पहिलं म्हणजे विज्ञानपटावर कथापटाइतकी करडी नजर नसायची. दुसरं म्हणजे व्यक्ती आणि समूह हा विषय वरकरणी अगदी अधिकृत होता. समूहात माणूस कसा घडतो, हे दाखवण्याला कोण हरकत घेणार? त्या आडोशाने सोबोलेवने उलटा प्रश्न विचारला : समूह चुकत असेल तर? मोकळीक मागणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाला दडपायला प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. प्रेक्षकांना कुणी काही समजावून द्यायची गरज नव्हती.

आता तुमचा वर्ग. लहान मुलांवर हा प्रयोग करू नका, अशी कळकळीची विनंती. त्यात मुलाला फसवावं लागतं, आणि फसवण्यात त्याचेच मित्र सामील असतात. त्या काळी ते चाललं. आज तसं करायचं तर पालकांची संमती, नंतरचं समजावणं, हे सगळं लागेल. आणि तरी शाळेतल्या मुलाला 'तू घाबरलास' हे सगळ्यांसमोर कळणं चांगलं नाही. आठवी-नववीच्या मुलांना फिल्म दाखवा, लापशीच्या प्रश्नाआधी थांबवा आणि विचारा : आता हा काय म्हणेल? मग प्रत्येकाने उत्तर आधी कागदावर लिहायचं, मोठ्याने नाही. मोठ्याने विचारलंत तर तोच प्रयोग तुमच्या वर्गात सुरू होईल.

प्रश्न : नातवाला अवकाशाचं वेड आहे. माणूस अवकाशात जायच्या आधीच रशियनांनी तरंगणारे अंतराळवीर फिल्ममध्ये दाखवले होते म्हणे. ते खोटंच ना?

उत्तर : पावेल क्लुशांत्सेव यांची 'रोड टू द स्टार्स', 1957. हो, सगळं स्टुडिओत केलेलं. माणूस तारेने टांगायचा आणि कॅमेरा बरोबर खाली ठेवायचा, म्हणजे तार त्याच्याच अंगाआड लपते. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला स्पुतनिक सुटला, तेव्हा शेवटी तोही घातला. पण याला मी खोटं म्हणणार नाही. उद्या असं होईल, असं फिल्म उघडपणे सांगते. नातवाला जरूर दाखवा आणि तार शोधायला लावा.

प्रश्न : माझे वडील म्हणतात सोव्हिएत माहितीपट म्हणजे निव्वळ प्रचार, वेळ घालवू नकोस. त्यांना काय सांगू?

उत्तर : त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असं आधी सांगा. मग एस्फिर शूबची 'फॉल ऑफ द रोमानोव्ह डायनॅस्टी' (1927) त्यांच्याबरोबर बसून बघा. ही बाई नवं जवळजवळ काही चित्रित करत नाही. झारच्या काळातली रिळं, त्यात राजघराण्याचीही, गोदामांतून हुडकून काढते. एका प्रसंगात उमराव मंडळी जहाजाच्या डेकवर नाच करतायत, दमतायत, कपाळाचा घाम टिपतायत. घाम येईपर्यंत नाचले, अशी पाटी येते. पुढचा कट थेट कष्टकऱ्यांवर, ते राबतायत, त्यांनाही घाम. दोन्ही तुकडे अस्सल आहेत. प्रचार आहे तो मधल्या जोडात. आणि संकलक म्हणून सांगते, तो जोड अप्रतिम आहे. प्रचार म्हटला की बटबटीतच असणार, असं धरून चाललात तर असा जोड नजरेतून निसटतो.

पण वडिलांना पुढचीही गोष्ट सांगा. मोठा खोटेपणा बहुतेक वेळा कटमध्ये नसतो, न घेतलेल्या शॉटमध्ये असतो. निकोलाय वाविलोव, जगभरातून पिकांचं बियाणं गोळा करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ, 1940 साली पकडले गेले आणि 26 जानेवारी 1943 रोजी सारातोवच्या तुरुंगात वारले. 1948च्या ऑगस्टमध्ये त्यांचा विरोधक, सरकारचं पाठबळ असलेला कृषितज्ज्ञ लिसेंको, याने कृषी अकादमीच्या अधिवेशनात आनुवंशशास्त्रच मोडीत काढलं. त्यानंतरच्या वर्षांत वाढलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर शेतं दिसली, भरघोस कणसं दिसली, हसरे संशोधक दिसले. गुणसूत्रं दिसली नाहीत. कुठलीही कात्री न लावता अख्खं शास्त्र गायब. वाविलोववर फिल्म झाली ती 1984 साली, अनातोली बोर्स्यूक यांची 'झ्वेझ्दा वाविलोवा', आणि तीही सोबोलेवच्याच कीव स्टुडिओत. तो स्टुडिओ मला का प्रिय आहे ते यावरून कळेल.

आणि वडिलांचं मत तरीही बदललं नाही तर मिखाईल रोम यांची 'ऑर्डिनरी फॅसिझम' (1965). नाझींचीच फिल्म घेऊन रोम ती आपल्याशी बोलत बोलत दाखवतात, स्वतःच्या आवाजात. गर्दीतला एकेक चेहरा थांबवून विचारतात, हा माणूस असा का ओरडतोय? विषय जर्मनीचा आहे. पण एक नेता, त्याच्या भोवतीची मिरवणूक आणि टाळ्या हे सगळं मॉस्कोच्या प्रेक्षकाने आयुष्यभर घरच्या पडद्यावर पाहिलेलं होतं.

प्रश्न : वेळ कमी आहे. एकच बघायची तर कुठली?

उत्तर : एक नाही, दोन सांगते. दोन्ही मिळून अर्धा तासही लागणार नाही.

'लुक ॲट द फेस', 1966, पावेल कोगान, लेनिनग्राड. एर्मिताझ संग्रहालयात लिओनार्दोच्या 'मॅडोना लिट्टा' या चित्राजवळ छुपा कॅमेरा ठेवून बघणाऱ्यांचे चेहरे टिपले आहेत. कुणी क्षणभर थांबून पुढे जातं, कुणाचे पाय हलत नाहीत. कुलेशोवने चेहऱ्यावर भावना लादली होती. इथे चेहऱ्यावरची भावना आपल्याआपण येताना दिसते.

दुसरी 'टेन मिनिट्स ओल्डर', 1978, हेर्ट्स फ्रँक, लॅटव्हियातलं रीगा. कॅमेऱ्यावर युरिस पोडनिएक्स. बाहुल्यांचा खेळ बघणारा एक लहान मुलगा आणि त्याचा चेहरा, सलग, एकच शॉट. 35 मिमीच्या 300 मीटर रिळात जेमतेम 11 मिनिटं मावतात, म्हणजे जवळजवळ अख्खं रीळ एका चेहऱ्यावर खर्च केलेलं. भीती येते, ओसरते, राग येतो, सुटका होते. मी ही फिल्म संकलन शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी दाखवते आणि विचारते, तुम्ही कुठे कापलं असतं?

फ्रँकनी रंगमंच एकदाही दाखवलेला नाही. घरच्यांबरोबर बघणार असाल तर मुलगा काय बघतोय हे आधी सांगू नका. फिल्म संपली की ज्याने त्याने आपल्याला वाटलेली गोष्ट सांगायची. आणि ती उत्तरं मला लिहून पाठवा, पुढच्या सदरात घेईन.